शिफारसपत्र, पेपरवरचं नाव, नोकरीच्या अटी: मागायचं कसं

संशोधन करताना कोणाकडे काही मागायला गेल्यावर जीभ अडखळते, कारण बहुतेक वेळा नेमकं काय हवंय हेच ठरलेलं नसतं. “सर, थोडं मार्गदर्शन हवं होतं” याला समोरचा काय उत्तर देणार? “तिसऱ्या प्रकरणातली विश्लेषणाची सहा पानं २० तारखेपर्यंत वाचाल का?” याला हो, नाही किंवा “२५ चालेल का?” असं उत्तर देता येतं. म्हणून आधी कागदावर एक वाक्य लिहा: कोणाकडे, काय, किती, कधीपर्यंत. ते जमत नसेल तर गाइडच्या केबिनचं दार एवढ्यात ठोठावू नका.

नकाराचा अंदाज आपण फुगवूनच बांधतो. फ्लिन आणि लेक या संशोधकांच्या २००८च्या अभ्यासात, प्रश्नावली भरणारे पाच जण मिळवायला साधारण २० जणांना विचारावं लागेल असं सहभागींना वाटलं होतं. प्रत्यक्षात दहाएक पुरले. तिथे विचारायचं होतं तेही अनोळखी लोकांना.

शिफारसपत्र मुदतीच्या चार ते सहा आठवडे आधी मागा आणि असं विचारा: “माझ्या कामाबद्दल ठाम, सविस्तर पत्र देणं तुम्हाला शक्य होईल का?” यातला ‘ठाम’ गाळू नका. कोमट पत्राने अर्जाचं नुकसानच होतं, आणि या शब्दामुळे समोरच्याला अवघडल्याशिवाय नाही म्हणायची वाट मिळते. उत्तर देताना ते घुटमळले तर आभार मानून दुसऱ्याकडे जा. होकार आला तर त्याच दिवशी एका ईमेलमध्ये सगळं पाठवा: सीव्ही, अर्जातलं निवेदन, प्रत्येक ठिकाणची अंतिम तारीख, पत्र पाठवण्याची पद्धत आणि त्यांनी स्वतः पाहिलेल्या तुमच्या कामाचे चार-पाच मुद्दे. मुदतीच्या आठवडाभर आधी एक आठवण करा. त्याला कोणी तगादा समजत नाही. उलट बऱ्याच जणांना ती हवीच असते.

शोधनिबंधावर, म्हणजे पेपरवर, येणाऱ्या लेखकांच्या नावांचा विषय सगळ्यात नाजूक, आणि तो नेमका पेपर पाठवायच्या आदल्या रात्री निघतो. तोपर्यंत प्रत्येकाने आपापला क्रम मनात पक्का केलेला असतो. काम सुरू होतानाच विचारा: “प्रयोग आणि पहिला मसुदा माझ्याकडे आहे, तर पहिल्या नावासाठी माझा विचार व्हावा असं मला वाटतं. तुमचं काय मत आहे?” त्याआधी आपल्या क्षेत्राची रीत पाहून घ्या. गणितात नावं सहसा आडनावांच्या वर्णक्रमाने येतात, तर जीवशास्त्रात शेवटचं नाव बहुधा प्रयोगशाळाप्रमुखाचं असतं. वैद्यकीय संपादकांच्या आयसीएमजेई समितीचे चार निकष हाताशी ठेवा: संशोधनात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा करणं, अंतिम मान्यता आणि कामाची जबाबदारी. लेखक म्हणवून घ्यायला चारही लागतात. बोलणं झालं की “आज ठरल्याप्रमाणे” असा दोन ओळींचा ईमेल टाका. पेपर सादर झाल्यावर नावं बदलायला बरीच नियतकालिकं सर्व लेखकांची संमती मागतात.

नोकरीच्या अटींचं बोलणं ऑफर लेखी हातात आल्यावर आणि सही करण्याआधी. पगार ठरलेल्या श्रेणीत असेल तर तिथे डोकं आपटू नका. रुजू होण्याची तारीख, जागा, उपकरणं, पहिल्या वर्षी शिकवायचे तास यांत वाव असतो. मागण्या एकदाच, अग्रक्रमाने मांडा. रोज एक नवी काढली की विभागप्रमुख वैतागतात.

लहान मागण्यांचा फार विचार करू नका. पेपरची प्रत हवी असेल तर संपर्कलेखकाला, म्हणजे पेपरवर ज्याचा ईमेल असतो त्याला, दोन ओळी लिहा. मुदतवाढ मुदत संपण्याआधी, नवी तारीख देऊन मागा. प्रकाशनशुल्कात सवलत पेपर सादर करतानाच मागा. स्वीकृतीनंतर अनेक प्रकाशक ती देत नाहीत. अनोळखी प्राध्यापकाला ईमेल दीडशे शब्दांत, एकाच प्रश्नाचा. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण द्या, मग सोडून द्या.

समोरासमोर मागताना एक चूक हमखास होते. वाक्य संपतं, समोरचा गप्प असतो, आणि आपणच घाईने म्हणतो, “नाही जमलं तरी चालेल हं.” तो विचार करत असतो, करू द्या. “बघू” असं उत्तर आलं तर तिथेच विचारा, “पुढच्या सोमवारी येऊ का?”