‘सपोज’ लिहिताना या चुका टाळा

‘आय ॲम सपोज टू गो.’ अर्ज असो, ईमेल असो, हे वाक्य भेटतंच. चूक मुळात कानाची आहे. बोलताना ‘सपोज्ड’चा शेवटचा ‘ड’ पुढच्या ‘टू’मध्ये विरतो आणि ऐकू येतं ‘सपोस्टू’. जे ऐकू आलं नाही, ते हात लिहीत नाही. मागे ॲम, इज, आर, वॉज, वेअर यांपैकी काही आणि पुढे ‘टू’ असेल, तर ‘डी’ हवाच. मजकूर लिहून झाला की ‘सपोज’ शोधायचा आणि दोन्ही बाजूंचे शेजारी बघायचे. स्पेलचेकच्या भरवशावर राहू नका. ‘डी’ नसलेला ‘सपोज’ हाही खरा शब्द असल्याने तो बऱ्याचदा गप्प बसतो.

त्या एका अक्षराने अर्थही फिरतो. ‘आय सपोज’ म्हणजे मला वाटतं. ‘आय ॲम सपोज्ड टू’ म्हणजे मी ते करणं अपेक्षित आहे. भूतकाळात तर ‘सपोज्ड टू’ चांगलंच अंगाशी येतं. समजा, कुणी वरिष्ठांना लिहिलं, ‘यू वेअर सपोज्ड टू कॉल मी यस्टरडे.’ लिहिणाऱ्याच्या मनात साधी आठवण: काल तुम्ही फोन करणार होतात ना? वाचणाऱ्याला दिसतं: फोन करणं तुमचं काम होतं आणि तुम्ही ते केलं नाहीत. ‘वॉज सपोज्ड टू’ म्हटलं की ठरलेलं बहुधा राहून गेलं असाच अर्थ निघतो. त्यातून कर्ता समोरचा असेल तर थेट ठपका. त्यापेक्षा ‘आय थॉट वी वेअर गोइंग टू टॉक यस्टरडे’ लिहावं. तसंच, फाइल पाठवून झाली असेल तर ‘आय वॉज सपोज्ड टू सेंड इट’ लिहून थांबू नका, समोरचा वाट बघत बसेल. सरळ ‘आय सेंट इट’ म्हणा.

‘यू आर नॉट सपोज्ड टू वेट हिअर’ ही मनाई आहे. थांबायची गरज नाही असं सांगायचं तर ‘यू डोन्ट हॅव टू वेट’.

‘सपोज इफ इट रेन्स’ हे ‘समजा जर’चं शब्दशः भाषांतर. मराठीत जोडी खपते, इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवा.

‘आय ॲम सपोजिंग’ नको. ‘आय सपोज यस’ नको, ‘आय सपोज सो’ म्हणा. ‘आय सपोज ही वोन्ट कम’ चुकीचं नाही, पण इंग्रजी बोलणारे नकार आधीच उरकतात: ‘आय डोन्ट सपोज ही विल कम.’

नवशिक्यांना ‘थिंक’ बाळबोध वाटतो, म्हणून ते जिथे-तिथे ‘सपोज’ पेरतात. पण ‘आय सपोज’मध्ये खात्री कमी असते, कधी नाइलाजही डोकावतो. ‘मला हे काम जमेल’ असं मुलाखतीत सांगताना ‘आय सपोज आय कॅन डू इट’ म्हटलं, तर ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं: ‘जमेल बहुतेक, बघू.’ तिथे ‘आय कॅन डू इट’च हवं.

‘सपोज’च्या जवळच्या अर्थाचा ‘अझ्यूम’ (गृहीत धरणं) वापरताना ‘आय अझ्यूम्ड हिम टू कम’ हेही नको. ‘आय अझ्यूम्ड ही वुड कम’ असं लिहा. ‘अझ्यूम’नंतर माणूस आणि ‘टू’ आणायचेच असतील तर पुढे सहसा ‘बी’ येतो: ‘आय अझ्यूम्ड हिम टू बी अ डॉक्टर.’