टँकर किती लागणार, हे मार्चमध्येच कसं काढायचं

दर मे महिन्यात आमच्या पुण्यातल्या सोसायटीत तेच. सकाळी सातला वरच्या टाकीत खडखडाट, आणि टँकरवाला फोनवर, "ताई, आज नाही जमणार." सेक्रेटरीपद गळ्यात पडलं तेव्हा मी पाण्याची वही घातली.

आधी डोकी मोजा, फ्लॅट नव्हे. आमचे फ्लॅट ४८, पण एका थ्री बीएचकेत फक्त आजी-आजोबा आणि वरच्या टू बीएचकेत सहा पोरं. माणसं निघाली १७१. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी मापदंड, त्याने २३,०८५ लिटर होतात. हा आकडा ताडून बघण्यापुरताच. खरा खप मोजावाच लागतो.

रोज सकाळी सहाला तीन नोंदी करा: मनपाच्या मीटरचं रीडिंग, आदल्या दिवसाचे टँकर, खालच्या टाकीची पातळी. आमची खालची टाकी ५ बाय ४ मीटर, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की २०० लिटर गेले. मी बांबूवर ऑइलपेंटने खुणा केल्यात. महिनाभराची सरासरी आली २९,०००. मग जवळजवळ ६,००० लिटर जातात कुठे?

रात्री एकला पंप बंद ठेवून वरच्या टाकीची पातळी घेतली, चारला पुन्हा घेतली. सहा सेंटीमीटर उतरली होती! तिथे एक सेंटीमीटर म्हणजे १०० लिटर, म्हणून तीन तासांत ६०० लिटर. दोन-चार जण उठले असतील, पण एवढे नाही. मग घरोघरी फ्लशच्या टाकीत जिलबीचा केशरी रंग टाकला आणि पंधरा मिनिटं कोणाला फ्लश करू दिलं नाही. पाच कमोड केशरी झाले. (त्यातला एक माझाच.) वॉशर बदलल्यावर खप २५,००० वर आला.

आता अंदाज. गेल्या उन्हाळ्याच्या वहीत एप्रिलचा खप फेब्रुवारीपेक्षा दहा टक्के जास्त होता. कूलर, दोनदा अंघोळ, दुसरं काय! म्हणजे रोज २७,५००. मनपाकडून येतात सुमारे २०,०००. तूट ७,५००, आठवड्याला ५२,५००. दहा हजारी टँकर सहा. गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद असेल तर आणखी २०,००० धरा, म्हणजे आठ. शुक्रवारी पाणी कमी दाबाने येतं, म्हणून त्यातले दोन बुधवारीच ओतून घ्या.

मेमध्ये मात्र आकडा आंधळेपणाने वाढवू नका. तीस माणसं गावाला गेली तर रोज साधारण ४,८०० लिटर वाचतात, म्हणजे जवळपास अर्धा टँकर. मी ग्रुपवर विचारते, "कोण कधी जाणार?" उत्तरादाखल सतरा अंगठे येतात. त्यामुळे हल्ली वॉचमनला विचारते. दूध कोणी बंद केलंय, ते त्याला पाठ असतं.