वस्तीच्या नावातले घराणे कसे शोधावे

मराठवाड्यातील एखादी वाडी किंवा छत्रपती संभाजीनगरातील एखादा पुरा कोणत्या घराण्याने वसवला, हे शोधायचे असेल तर कागदाकडे वळण्याआधी ते नाव कानाने ऐकावे. वस्तीतील म्हातारी माणसे ते कसे उच्चारतात, हे बोलणाऱ्याचे वय आणि तारीख यांसह जसेच्या तसे वहीत उतरवावे.

मग नावाची फोड करावी. ‘वाडी’च्या आधी आडनाव असेल तर वसवणाऱ्या कुळाचा माग लागू शकतो, पिंपळगाव, जांभळी अशी नावे झाडांची असतात, आणि बुद्रुक-खुर्द यांवरून केवळ थोरले-धाकटे गाव कळते.

खरी सावधगिरी लिपीबाबत बाळगावी. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात असल्याने जुने महसुली दप्तर मोठ्या प्रमाणात उर्दूत आहे, आणि उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. त्यामुळे ‘करण’ आणि ‘कर्ण’ एकसारखेच दिसतात. नवरात्रातील देवीच्या यात्रेमुळे घरोघरी ठाऊक असलेल्या कर्णपुऱ्याचे नाव वाचून महाभारतातला कर्ण आठवणे स्वाभाविक आहे. पण ते नाव मोगल फौजेबरोबर दख्खनेत आलेल्या आणि १६६९ साली याच शहरात वारलेल्या बिकानेरच्या राजा करणसिंहाचे आहे. जवळचा पदमपुरा त्याचा मुलगा पदमसिंह याच्या नावाचा. बाप-लेकांची नावे अशी लगत सापडली की एका नावाचा पुरावा दुसऱ्याला बळ देतो. म्हणून नकाशावर शेजारच्या वस्त्याही नेहमी एकत्र वाचाव्यात. हाच घोळ ‘खडकी’ या शहराच्या जुन्या नावाचा: उर्दूत ते ‘खिडकी’ असेही वाचता येते.

शोध घेताना गावाची सगळी नावे हाताशी ठेवावीत. मलिक अंबरने १६१०मध्ये वसवलेली खडकी पुढे फतेहनगर आणि मग औरंगाबाद झाली, त्यामुळे एकाच नावाने दप्तर चाळल्यास निम्मे हाती लागत नाही.

शेवटी तलाठ्याकडे सातबारा आणि जुनी खासरा पत्रके (जमिनीच्या क्रमांकवार नोंदी), इनाम जमीन असल्यास मुंतखब (इनामाचा हक्क मान्य करणारा निजामकालीन दस्त), आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील वंशावळ पाहावी. या वह्यांत पूर्वजांची नावे मूळ गावासह लिहिलेली असतात. तेथील गाव आणि वाडीतले आडनाव जुळले, तर त्या पानाची नोंद उपाध्यायांच्या परवानगीने अक्षरशः उतरवून घ्यावी.