किलिमांजारोला जायचंय? आधी सावकाश चालायला शिका

पाठीवर सॅक घेऊन मी सोसायटीचा सात मजल्यांचा जिना रोज चढायला लागले, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या काकू विचारायच्या, "लिफ्ट परत बंद का हो?" शेवटी सांगून टाकलं, किलिमांजारोला जायचंय. "कुठे आलं ते? मुरबाडच्या पुढे का?"

टांझानियात. ५,८९५ मीटर, आफ्रिकेतला सर्वांत उंच डोंगर. नेहमीच्या वाटांवर दोर लावून चढावं लागत नाही, नुसतं चालायचं असतं. गाईड मात्र सोबत असावाच लागतो, तसा तिथला नियमच आहे. "नुसतं चालायचं" हे ऐकूनच लोक हा डोंगर हलक्यात घेतात. मी सत्तावन्नाव्या वर्षी मचामे वाटेने जाऊन आले, आणि तयारीत सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर हळू चालणं. डोंबिवलीहून २९ वर्षं सकाळची फास्ट पकडलेल्या बाईला हळू चालणं म्हणजे काय हे मुळात माहीतच नसतं.

पहिलं ठरवायचं ते दिवस. मचामे वाट सहा दिवसांतही करतात आणि सातातही. सातच घ्या. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. मचामे गेट, जिथून चालायला सुरुवात होते, ते साधारण १,८०० मीटरवर. म्हणजे आपला सह्याद्री जिथे संपतो त्याच्याही वर यांचा पायथा. सह्याद्रीत कितीही भटका, पाय तयार होतील, विरळ हवेची सवय होणार नाही. ती फक्त जास्त दिवस राहून होते. तिसऱ्या दिवशी तुम्हाला ४,६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढवतात आणि झोपायला परत चार हजारांच्या खाली, बरांको कॅम्पला आणतात. चढून उतरल्याचा राग येतो, पण शरीर शिकतं ते त्यातूनच. वाढीव दिवस म्हणजे वाटेत करांगा कॅम्पला एक मुक्काम जास्त. त्याचे जास्त पैसे पडतात, कारण किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाची फी दिवसावर असते. काटकसर दुसरीकडे करा.

कंपनी निवडताना भाव नंतर विचारा. आधी विचारा, गाईड रोज सकाळ-संध्याकाळ बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन मोजतो का, सिलिंडर बरोबर असतो का, आणि सामान वाहणाऱ्या पोर्टरला पगार, तंबू, तीन वेळचं जेवण मिळतं का. तिथे पोर्टरच्या ओझ्याला २० किलोची मर्यादा आहे. फारच स्वस्त भाव आला तर तो कोणाच्या तरी पोटातून काढलेला असतो. टिप हा तिथल्या लोकांच्या कमाईचा मोठा भाग आहे. किती आणि कशी द्यायची ते आधीच लेखी मागवा, आणि डॉलरच्या कोऱ्या, न फाटलेल्या नोटा न्या.

ऋतू दोन चांगले: जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर. मी फेब्रुवारी घेतला, कारण सरावाला आपले ऑक्टोबर ते जानेवारी मिळतात.

आता सराव. पहिला महिना रिकाम्या सॅकने जिना. मग सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या, वाढवत सात किलोपर्यंत. गच्चीवर पोचलं की पाणी कुंड्यांना ओतायचं आणि हलकं होऊन उतरायचं, गुडघे वाचतात. शेवटच्या महिन्यात मात्र भरल्या सॅकनेच उतरायचं, ते का ते पुढे सांगते. शनिवार-रविवार लागोपाठ चाला. शनिवारी नेरळहून पायी माथेरान, रविवारी कंटाळा आला तरी परत तीन तास. दुखऱ्या पायांवर चालायची सवय हीच खरी शिदोरी. महिन्यातून एकदा कसारा लोकलने जाऊन बारी गावातून कळसूबाई. शिड्यांवर हात वापरायची भीती मोडली की बरांकोची भिंत, जिथे हाता-पायांनी चढावं लागतं, मजेची वाटते. आपल्याकडच्या भटक्यांना तर तोच दिवस सगळ्यात आवडतो.

आणि वेग. चढताना मी एकोणतीसचा पाढा म्हणायचे, मोठ्याने. एकोणतीस चोक सोळासोत्तरला धाप लागली तर वेग जास्त. पाढा अखंड म्हणता येईपर्यंत पाय मंद करायचे. पहिले काही आठवडे बारीच्या वाटेवर शाळकरी पोरं मला मागे टाकून जात होती आणि मला लाज वाटत होती. ती लाज इथेच संपवून जा. तिथे गाईड दिवसभर "पोले पोले" म्हणतात, म्हणजे हळूहळू, आणि आपण त्यांच्या पाठीमागे लग्नाच्या वरातीसारखे सरकतो.

दुसरी सवय मोडायची ती "काही नाही, बरं आहे" म्हणायची. काही वर्षांपूर्वी हिमाचलात हामटा खिंडीच्या वाटेवर माझं डोकं दुपारपासून ठणकत होतं. ग्रुपचा खोळंबा नको म्हणून गाईडला बोलले नाही. रात्रभर उलट्या झाल्या आणि सकाळी तो मला घेऊन खाली उतरला. चूक शंभर टक्के माझी. डोकेदुखी, मळमळ, अन्न नको वाटणं, हे विरळ हवेचे त्रास लगेच सांगायचे. बसल्या जागी धाप लागली किंवा सरळ रेषेत पाऊल टाकता येईना, तर चर्चा नाही, तत्काळ खाली. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, आणि घ्यायचीच असेल तर त्यांच्या सल्ल्याने घरी एकदा घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात आणि सारखी लघवी लागते. रात्री उणे तापमानात तंबूची चेन उघडायची नसेल तर रुंद तोंडाची बाटली ठेवा. बायकांसाठी नरसाळ्यासारखं साधन मिळतं, त्याचा सराव घरच्या बाथरूममध्ये करा. हसू नका, मी केलाय.

डोंगराजवळच्या मोशी-अरुशा शहरांच्या बाजूला मलेरिया आहे, त्याबद्दलही डॉक्टरांशी बोला. पिवळ्या तापाची लस लागेल का, ते कुठल्या देशात किती तास थांबता यावर ठरतं. तिकीट काढायच्या आधी बघा, कारण ते प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं.

सामानाची यादी कंपनी देते. मी एवढंच सांगेन: बूट संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, जाड मोजे घालून घ्या आणि विमानात पायातच ठेवा. बॅग हरवली तर जाकीट मोशीत भाड्याने मिळतं, पायाला बसलेला बूट मिळत नाही. टांझानियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१९ पासून बंदी आहे, म्हणून कापडी पिशव्या न्या. मी स्टीलच्या डबीत मेतकूट नेलं होतं. उंचीवर भूक मरते, पण गरम भात-मेतकूट खाली उतरतं. चिक्की नेऊ नका, थंडीत दगड होते. राजगिऱ्याची वडी बरी. शाकाहारी असाल तर आधी कळवा. स्वाहिलीत चहाला चाय आणि चपातीला चपातीच म्हणतात, आणि पाण्याला माजी. "माजी मोटो" म्हणजे गरम पाणी. मला दर वेळी कोणीतरी माजी नगरसेवक आल्यासारखं वाटायचं.

शेवटची चढाई बराफू कॅम्पवरून मध्यरात्री सुरू होते. उणे दहा, कधी उणे वीस. नळीवाली पाण्याची पिशवी गोठते. बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा, बर्फ तळाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. टॉर्चचे सेल खिशात, अंगाजवळ ठेवा. सहा-सात तास बॅटरीच्या उजेडात फक्त पुढच्याच्या टाचा दिसतात. मी पाढाच म्हणत होते, मनात. स्टेला पॉइंटला उजाडलं, तिथून शिखर तासाभरावर.

आणि मग उतरणं, ज्याची तयारी कोणी करत नाही. त्याच दिवशी शिखरावरून म्वेका कॅम्पला, ३,१०० मीटरपर्यंत यायचं असतं. बारीला कळसूबाई उतरतो त्याच्या जवळपास तिप्पट, आणि तेही न झोपता. म्हणून भरल्या सॅकने जिना उतरायचा. दोन काठ्या घ्या, उतरायच्या आधी बुटाच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट करा, आणि निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा. मी नखं कापायला विसरले. उजव्या अंगठ्याचं नख अजून पुरतं आलेलं नाही.