अल्हेसिरास ते टँजिअर मेड: बाईक बोटीवर चढवण्याआधीची तयारी

स्पेन आणि मोरोक्को यांच्यामधली जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटर आहे. स्पेनच्या अल्हेसिरास बंदरातून निघालेली फेरी साधारण दीड तासात मोरोक्कोच्या टँजिअर मेड बंदराला लागते. अंतर एवढंसं, म्हणून युरोपात राहणारे आपल्याकडचे बरेच बाईकवाले तिकीट काढतात आणि निघतात. जाताना सहसा कोणी अडवत नाही. माणूस अडकतो तो पलीकडच्या कस्टमच्या खिडकीवर, नाहीतर परतताना स्पेनच्या पासपोर्ट काउंटरवर. म्हणून तयारीला उलटीकडून लागावं: आधी परतीची कागदं, मग जाण्याची, आणि बाईक सगळ्यात शेवटी.

पासपोर्ट भारतीय असेल तर शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला एकच व्हिसा) प्रवेशांच्या रकान्यात ‘मल्ट’, म्हणजे अनेक प्रवेश, छापलंय का ते बघा. तिथे ‘01’, म्हणजे एकच प्रवेश, असेल तर स्पेनचं बंदर सोडल्यावर तो व्हिसा संपला. मुदत महिनाभर शिल्लक असली तरी परत आत घेणार नाहीत. इंग्लंडात राहणाऱ्यांनाही हेच लागू आहे, ब्रिटिश व्हिसा स्पेनमध्ये कामाला येत नाही. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांनी रेसिडन्स कार्डची मुदत तपासावी. नूतनीकरणाला दिलंय आणि हातात फक्त पावती आहे, अशा अवस्थेत शेंगेनबाहेर पडण्याआधी त्या पावतीवर परत येता येतं का, हे कार्यालयाकडून लेखी घ्या. मोरोक्कोतले दिवस शेंगेनच्या ‘180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस’ या मर्यादेत धरत नाहीत, पण बाकीचे दिवस नीट मोजा. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर व्हिसावाल्यांची येण्या-जाण्याची नोंद फोटोसह संगणकात घ्यायला सुरुवात झाली आहे. आता हिशेब संगणक करतो, अस्पष्ट शिक्क्याचा फायदा मिळायचे दिवस गेले.

मोरोक्कोसाठी भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. त्याची छापील प्रत जवळ ठेवा. बंदरात मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

आता बाईकची कागदं. पलीकडे मोरोक्कोचं कस्टम तुमची बाईक ‘तात्पुरती आयात’ म्हणून संगणकात चढवतं आणि ती नोंद तुमच्या पासपोर्टला जोडलेली असते. मुदत एका कॅलेंडर वर्षात जास्तीत जास्त सहा महिने. अर्थ सरळ आहे, बाईक आणली त्यानेच ती बाहेर न्यायची. मध्येच घरी कोणाची तब्येत बिघडली आणि बाईक गॅरेजात ठेवून विमानाने निघायचं म्हटलं, तर विमानतळावर अडवू शकतात. आधी कस्टमच्या कार्यालयात जाऊन बाईकची सोय लावावी लागते. पूर्वी यासाठी डी-16 तेर नावाचा फॉर्म असे. आता बहुतेक वेळा छोटी छापील चिठ्ठी हातात देतात. ती घेतल्याघेतल्या खिडकीसमोरच उभं राहून वाचा. नंबरप्लेट, चासी नंबर, पासपोर्ट नंबर, तिन्ही अक्षर-अक्षर जुळवा. शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडणं ही नेहमीची चूक. चासी नंबरात ‘ओ’, ‘आय’ आणि ‘क्यू’ ही अक्षरं मुळात वापरतच नाहीत, त्यामुळे तिथे ‘ओ’ दिसला तर तो शून्यच असणार. जागच्या जागी दुरुस्ती दोन मिनिटांत होते. परतताना हीच चूक सापडली तर डोळ्यांदेखत बोट निघून जाते.

आरसी मूळ हवी आणि ती तुमच्याच नावावर असलेली बरी. बायकोच्या, मित्राच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर मालकाचं सहीशिक्क्याचं अधिकारपत्र लागतं, शक्यतो फ्रेंचमध्ये आणि नोटरी केलेलं. बाईकवर कर्ज असेल तर बँकेचं परवानगीपत्रही मागू शकतात. भाड्याची बाईक असेल तर करारात ‘मोरोक्को’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला असावा. ‘युरोपभर चालेल’ असं तोंडी आश्वासन त्या खिडकीवर कवडीचं कामाचं नाही.

विम्याच्या ग्रीन कार्डवर, म्हणजे परदेशात विमा चालतो हे दाखवणाऱ्या कागदावर, देशांचे कोड असतात. त्यात ‘एमए’ हा मोरोक्को, आणि बऱ्याच पॉलिसींत नेमका तोच खोडलेला असतो. खोडलेला असेल तर विमा कंपनीकडे मागा. नाहीच दिला तर टँजिअर मेडला उतरल्यावर सीमेवरचा विमा विकत घेता येतो, पण तो फक्त समोरच्याच्या नुकसानीपुरता. तुमची बाईक पडली तर खर्च तुमचा. कार्ड पांढऱ्या कागदावर छापलेलं चालतं, मोबाईलवर दाखवून भागेल असं धरू नका.

लायसन्स भारतीय असेल तर सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवं. ते भारतातच, आपल्या आरटीओकडे फॉर्म 4ए भरून निघतं. फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. निघण्याच्या आठवड्यात लक्षात आलं तर उपाय नाही. भारतीय नंबरची बाईक असेल तर मागे ‘आयएनडी’ लिहिलेला लंबगोल स्टिकर हवा, ब्रिटिश बाईकला ‘यूके’. जुना ‘जीबी’ सप्टेंबर 2021 पासून चालत नाही.

भारतातूनच बाईक घेऊन निघालेल्यांकडे कार्नेट असतं, म्हणजे जकात न भरता बाईक तात्पुरती परदेशात नेण्याचं हमीपुस्तक. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून ते मिळतं, एक वर्षासाठी. मोरोक्कोत ते मागत नाहीत, पण वाटेत इराणसारखे देश मागतात, म्हणून शिक्क्यांची पद्धत ठाऊक हवी. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. खालचा आत शिरताना कस्टम फाडून घेतं, मधला बाहेर पडताना, आणि वरचा तुमच्याकडे राहतो. त्या वरच्या भागावर येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही शिक्के पडलेच पाहिजेत. जाण्याचा राहिला तर त्या देशाच्या दृष्टीने बाईक तिथेच विकली गेली, आणि जकातीची मागणी कार्नेटसाठी दिलेल्या तुमच्या हमीच्या रकमेवर येते.

तिकीट काढताना नंबरप्लेट आरसीवर आहे तशीच टाका. मागे बसणाऱ्याचं तिकीट वेगळं. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात युरोपातले मोरोक्कन लाखोंनी गावी जातात-येतात. जुलैअखेर आणि ऑगस्टच्या शेवटी बंदरात तासन्‌तास रांग असते. शक्य असेल तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर गाठा. तारिफाहून थेट टँजिअर शहरात जाणारी वेगवान बोट तासाभरात पोचवते आणि शहरात उतरल्याने पुढचे चाळीसेक किलोमीटर वाचतात, पण ‘लेव्हान्ते’ म्हणजे पूर्वेचा वारा सुटला की ती आधी रद्द होते. तशी वेळ आली तर वीसेक किलोमीटरवरच्या अल्हेसिरासला जा, तिथल्या मोठ्या बोटी जास्त वारा झेलतात. वेळापत्रक ज्या बंदरातून बोट सुटते तिथल्या घड्याळाप्रमाणे असतं. उन्हाळ्यात मोरोक्को स्पेनच्या एक तास मागे, हिवाळ्यात बरोबरीने, आणि रमजानमध्ये तिथलं घड्याळ आणखी एक तास मागे जातं. किनाऱ्यावर मोबाईल कधी समोरच्या देशाचा टॉवर पकडतो, म्हणून मनगटावरचं घड्याळ खरं धरा.

बोटीवर चढताना खरा धोका असतो तो रॅम्पचा. लोखंड ओलं असतं, वर डिझेलचा तवंग आणि रंग दिलेले पट्टे. पहिल्या गिअरमध्ये, सरळ रेषेत, पुढच्या ब्रेकला हात न लावता चढा. आत खलाशी दाखवेल तिथे लावा. बांधायला पट्टे बोटीवर असतात, पण ते बहुधा ग्रीसने माखलेले किंवा कमी पडतात. स्वतःचे दोन रॅचेट (खटक्याने ताणायचे) पट्टे न्या, 25 मिलिमीटर रुंद आणि तीन-चार मीटर लांब, सोबत दोन कापडी फासे आणि सीटवर घालायला जुना टॉवेल. क्रम असा: गिअर पहिला, साईड स्टँड खाली, इंजिन बंद, हँडल डावीकडे. पुढचा ब्रेक दाबून लिव्हर रबरी पट्ट्याने ग्रिपला बांधा. मग डाव्या बाजूचा पट्टा आधी ताणा, म्हणजे वजन स्टँडवर घट्ट बसतं, आणि नंतर उजवा, जरा कमी ताणून. उजवा जास्त ओढला तर स्टँड जमिनीवरून सुटतो आणि पहिल्या मोठ्या लाटेला बाईक आडवी होते. सस्पेन्शन एक तृतीयांशाहून जास्त दाबू नका, फोर्कच्या सीलना ते सोसत नाही. पट्टा प्लास्टिकवर, इंडिकेटरवर किंवा ब्रेकच्या नळीवरून जाऊ देऊ नका. सेंटर स्टँड टाळा, डोलत्या डेकवर बाईक त्यावरून पुढे घसरते. अलार्म बंद ठेवा, नाहीतर बोट हलली की तो ओरडत राहतो आणि उतरताना बॅटरी झोपलेली असते. जादा पेट्रोलचा कॅन रिकामा असू द्या.

गाड्यांचा डेक प्रवासात बंद असतो. कागदांची पिशवी, पाणी आणि जॅकेट वर न्या, आणि जिन्याचा नंबर लक्षात ठेवा.

ड्रोन घरीच ठेवा, कस्टममध्ये काढून घेतात. मोरोक्कोचं चलन, दिर्‍हाम, 2000 पेक्षा जास्त देशाबाहेर नेता येत नाही. उतरल्यावर ‘मी करून देतो’ म्हणत कागदं मागणारा, गणवेश आणि ओळखपत्र नसलेला माणूस भेटला तर नम्रपणे नको म्हणा. खिडकीवरचं काम फुकट आहे.

परतीला टँजिअर मेडला तीन तास आधी पोचा. बोर्डिंग पास, पोलिसांचा शिक्का, मग कस्टम, आणि कधी कधी गाडीचं स्कॅनिंग. यातली कस्टमची पायरी घाईत टाळू नका: अधिकाऱ्याने संगणकात बाईकची नोंद बंद केली का, हे विचारा. ती उघडी राहिली तर पुढच्या खेपेला मोरोक्कोत शिरताना ‘आधीची बाईक कुठे आहे?’ हा प्रश्न तुमची वाट बघत असतो. रांगेत बाईक सोडून चहाला जाऊ नका. आणि पॅनिअरमध्ये (बाईकच्या बाजूच्या पेट्यांत) मांस, चीज, तूप, पेढे उरले असतील तर बंदराआधीच संपवा. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपच्या कस्टममध्ये टाकून द्यावे लागतात. चिवडा, चकली चालते.