वर्षभराच्या सिनेमा-संकल्पाचे नियम: जानेवारीआधी ठरवून ठेवायच्या गोष्टी

आधी आकडा ठरवा, आणि ठरवताना कागदावर गुणाकार करा. शंभर सिनेमे ऐकायला बरे वाटतात. पण एकाला सरासरी सव्वादोन तास धरले तरी सव्वादोनशे तास होतात आणि आठवड्याला जवळजवळ दोन सिनेमे बसवावे लागतात. नोकरी आणि घर सांभाळून हे वर्षभर रेटणं अवघड आहे. मी बावन्नच्या बाजूचा. आठवड्याला एक सिनेमा नीट बघून होतो, आणि त्यावर दोन दिवस विचारही करता येतो.

मग काय मोजायचं ते लिहून काढा, नाहीतर मार्चमध्ये स्वतःशीच वाद सुरू होतात. ऑस्करवाले चाळीस मिनिटांहून मोठ्या चित्रपटाला पूर्ण लांबीचा मानतात, तीच रेघ आपणही ओढावी. वेब सिरीज नाही. लघुपट वहीच्या मागच्या पानावर. आधी पाहिलेला सिनेमा पुन्हा बघायला हरकत नाही, पण वर्षात पाचच वेळा. दोन बैठकींत पाहिलेला चालेल, मात्र दुसरी बैठक दुसऱ्या दिवशीच व्हायला हवी. डोळा लागला तर जिथून आठवत नाही तिथून परत बघायचा. फोन दुसऱ्या खोलीत, हा नियम सगळ्यांत आधी लिहा आणि सगळ्यांत कडक पाळा. टेलिग्रामवरून उतरवलेली चोरीची कॉपी मोजायची नाही. ओटीटीच्या वर्गण्या सगळ्या एकदम घेऊ नका; तीन महिने एक, मग दुसरी. त्यामुळे यादीही आपोआप आखली जाते.

भाषेच्या नियमावर मात्र वेळ घालवा. सोलापुरात राहून आपण फक्त मराठी-हिंदी बघत असू, तर दाराशी आलेलं परत पाठवल्यासारखं आहे. पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते, आणि कन्नड तर बाजारात भाव करतानाही कानावर पडते. म्हणून बावन्नपैकी किमान दहा सिनेमे या दोन भाषांतले, तेही डब केलेले नाहीत. मूळ आवाज, खाली सबटायटल. त्यातले निम्मे तरी ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाशेजारी बसून बघायचे. मी 'मायाबाजार' (1957) आमच्या शेजारच्या अक्कांच्या घरी पाहिला. लग्नघरच्या पंगतीसाठी मांडलेलं सगळं घटोत्कच एकटाच फस्त करतो, लाडू हवेतून आपोआप त्याच्या तोंडात जातात. संगणक नसताना ही करामत कॅमेऱ्यावर कशी साधली असेल याचा विचार करत मी पडद्याला चिकटून बसलो होतो, आणि अक्का मात्र लाडू उडण्याआधीच हसायला लागल्या होत्या. पिक्चर संपल्यावर त्यांनीच विचारलं, "यात पांडव एकदा तरी दिसले का?" खरंच, महाभारतातली गोष्ट असून पांडव पडद्यावर एकदाही येत नाहीत. एकटा बसलो असतो तर हे माझ्या लक्षात आलंच नसतं. कन्नडमधून सुरुवात करायची तर गिरीश कासारवल्लींचा 'घटश्राद्ध' (1977) घ्या. तो जड आहे. त्या रात्री दुसरं काही लावू नका.

जिल्ह्याचे म्हणून पाच सिनेमे वेगळे राखा. जब्बार पटेल पंढरपूरचे, नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांचे अनुक्रमे 'सिंहासन' (1979) आणि 'सैराट' (2016) याच पाचांत धरा. 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' (1946) ऑक्टोबरात ठेवा, कारण द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. व्ही. शांताराम यांनी तो दिग्दर्शित केला आणि कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केली. याला माझा एक जोडनियम आहे: त्याच आठवड्यात भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात जाऊन यायचं. सिनेमा आधी, स्मारक नंतर. पडद्यावरचा डॉक्टर आणि 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी चीनमध्ये वारलेला आपल्या गावचा मुलगा, या दोघांमध्ये किती अंतर आहे ते तिथली छायाचित्रं बघताना कळतं.

जुन्यांसाठीही जागा हवी: 1950 च्या आधीचे किमान चार. त्यातला 'संत तुकाराम' (1936) आषाढीच्या आठवड्यात.

थिएटरात महिन्यातून एक. भागवत टॉकीजला तिकिटाच्या रांगेत उभं राहिलेली पिढी आपल्या घरात आहे, तिला बरोबर न्या.

आता कॅलेंडर समोर घ्या आणि सुट्ट्या आधीच खोडा. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक आणि होम मैदानावरची गड्ड्याची जत्रा सोडून घरी पिक्चर बघत कोण बसणार? तो आठवडा रिकामा. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी तोही आठवडा सोडावा, पाय दुखत असताना कशातच लक्ष लागत नाही. मुलांच्या परीक्षा असतील तर मार्चही हलका ठेवा. भरपाई एप्रिल-मेमध्ये होते. पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी बाहेर पडवत नाही. खिडक्या लावून, पडदे ओढून तीन-तीन तासांचे सिनेमे तेव्हाच उरकावेत. लाइट जाण्याची तयारी म्हणून लॅपटॉप चार्ज असू द्या.

वही साधी घ्या. तारीख, नाव, साल, भाषा, कोणाबरोबर पाहिला, आणि एकच वाक्य. तारे-गुण देऊ नका. साडेतीन तारे म्हणजे काय ते सहा महिन्यांनी आपल्यालाच सांगता येत नाही. "शेवटी बाप दार उघडतो तेव्हा आवाज बंद होतो" असं एक वाक्य मात्र अख्खा सिनेमा डोळ्यांसमोर आणतं. हे वाक्य झोपायच्या आधी लिहायचं, सकाळी नाही.

मागे पडलात तर आकडा कमी करायची मुभा जूनअखेरीस, एकदाच. भाषेचे दहा आणि जिल्ह्याचे पाच तेव्हाही कमी करायचे नाहीत. नियमांचं पान वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, जानेवारीतल्या सिनेमांची नावं खाली पेन्सिलने लिहा, आणि तेलुगू सिनेमासाठी कोणाच्या घरी बसायचं ते आजच विचारून ठेवा.