हीटिंगचे डक्ट साफ करून घेताय? आधी या चुका टाळा

ऑक्टोबर लागून फर्नेस (घर तापवणारी भट्टी) सुरू झाली की टोरांटो असो नाहीतर न्यू जर्सी, फोन वाजायला लागतात. "आमची गाडी तुमच्याच भागात आलीय, ९९ डॉलरमध्ये अख्ख्या घराचे डक्ट साफ करून देतो." डक्ट म्हणजे फर्नेसची गरम हवा खोल्यांत नेणारे पत्र्याचे मार्ग. कॅनडात असे नको असलेले फोन करणाऱ्या डक्टवाल्यांना सीआरटीसी या दूरसंचार नियामक संस्थेने दंडही केले आहेत, पण फोन काही थांबलेले नाहीत. त्यातच दिवाळीची आवराआवर डोक्यात असते, आणि माणूस चटकन हो म्हणून बसतो.

पहिली चूक इथेच. डक्ट खरंच घाण आहेत का, हे कुणी बघतच नाही. जमिनीतल्या व्हेंटची (डक्टच्या खोलीतल्या तोंडाची) जाळी बहुधा हातानेच उचलली जाते, भिंतीतली असली तर दोन स्क्रू काढायचे. मोबाइल आत घालून फ्लॅश लावून फोटो काढा. पत्र्यावर धुळीचा पातळ थर सगळ्याच घरांत सापडतो. ती धूळ पत्र्याला धरून बसलेली असते, खोलीत उडून येतेच असं नाही. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने १९९७ मध्ये यावर पुस्तिका काढली. डक्ट दरवर्षी साफ करायची गरज नाही, आणि साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आत डोळ्यांना दिसेल एवढी बुरशी असेल, उंदीर-किडे शिरले असतील, किंवा कचरा इतका साठला असेल की जाळीतून धूळ बाहेर येतेय, तर माणूस बोलवा. कॅनडाच्या सीएमएचसी या सरकारी गृहनिर्माण संस्थेने सफाईच्या आधी आणि नंतर घरांतली हवा मोजून पाहिली होती, तेव्हा हवेतल्या धुळीत फारसा फरक पडलेला दिसला नव्हता. घरात दमेकरी असेल तर आधी गादीची धूळ, बेसमेंटमधली ओल आणि फर्नेसचा फिल्टर यांच्याकडे बघा.

बेसमेंट नुकतंच बांधून घेतलं असेल, तर गोष्ट वेगळी. ड्रायवॉल (भिंतींचे जिप्समचे तक्ते) घासताना रिटर्न व्हेंट, म्हणजे खोलीतली हवा फर्नेसकडे परत नेणारे, उघडे राहिले की ती पांढरी पूड थेट ब्लोअरपर्यंत (फर्नेसच्या पंख्यापर्यंत) जाते. मग सफाईला अर्थ आहे. नव्या घरांच्या डक्टमध्येही लाकडाचा भुसा आणि कामगारांच्या डब्यांचे कागद निघतात.

पैशांचं म्हणाल, तर ईपीए एका सिस्टिमसाठी ४५० ते १,००० डॉलर असा अंदाज देते. ९९ डॉलरमध्ये चार-सहा व्हेंट येतात. रिटर्नचे पैसे वेगळे, मुख्य ट्रंकचे (ज्याला शाखा फुटतात त्या मोठ्या डक्टचे) वेगळे, ब्लोअरचे वेगळे. म्हणून सप्लाय (खोल्यांत हवा सोडणारे डक्ट), रिटर्न, दोन्ही ट्रंक, ब्लोअर, एसीची कॉइल यातलं काय काय धरलंय ते आधी लेखी घ्या. खरा घोळ पुढे होतो. माणूस तळघरातून वर येतो, मोबाइलवर काळ्याकुट्ट बुरशीचा फोटो दाखवतो, आणि "आजच औषध मारलं नाही तर..." सुरू. फोटो कुठल्या घरातला, देव जाणे! मला दाखव म्हणा, आणि त्याच्यासोबत खाली जा. बुरशी आहे असं वाटलंच, तर नमुना त्याच्याशी संबंध नसलेल्या लॅबला पाठवा. आतून फायबरग्लास लावलेला डक्ट ओला होऊन बुरशी धरला असेल, तर तो धुवून-फवारून भागत नाही, बदलावाच लागतो.

काम चालू असताना घरात थांबा. नीट काम करणारे ट्रंकला भोक पाडून मोठ्या व्हॅक्यूमचा जाड पाइप जोडतात, बाकीचे व्हेंट झाकतात, आणि मग एकेका शाखेत दाबाची हवा सोडून घाण त्या पाइपकडे ढकलतात. याला काही तास लागतात. घरगुती व्हॅक्यूम घेऊन जाळ्यांवर फिरवला आणि पाऊण तासात बिल पुढे केलं, तर सफाई झालीच नाही. पाडलेली भोकं पत्रा लावून फॉइल टेप किंवा मॅस्टिकने (सांधे बुजवायच्या लेपाने) बंद झाली पाहिजेत. करड्या कापडी डक्ट टेपचा डिंक उष्णतेने सुटतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये हे तपासून दाखवलं. घर १९८० च्या आधीचं असेल आणि सांध्यांवर कागदासारखी पांढरी पट्टी असेल, तर ती अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. तपासणी होईपर्यंत तिथे ब्रश लावू देऊ नका.

माणसं गेल्यावर फर्नेस चालू होत नसेल, तर घाबरू नका. बहुतेक वेळा ब्लोअरचं झाकण नीट बसलेलं नसतं, त्यामुळे आतला सेफ्टी स्विच दाबला जात नाही. फर्नेसजवळचा किंवा जिन्यापाशी असलेला स्विचही बघा. एकच खोली गार पडली असेल, तर तिच्या डक्टवरची डॅम्परची (हवा अडवणाऱ्या झडपेची) दांडी आडवी राहिली असेल. ती डक्टच्या रेषेत फिरवली की हवा सुरू होते.

आठवड्यात पुन्हा धूळ दिसते, ही नेहमीची तक्रार. रिटर्न डक्टच्या सांध्यांतून बेसमेंटची धूळ आत ओढली जात असते. एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारच्या ऊर्जाबचत कार्यक्रमाच्या मते सर्वसाधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा गळतीतच जाते. तेच पैसे सांधे बंद करायला घाला. जाळीभोवती काळे डाग पडत असतील, तर कारण बहुधा आपल्याच घरात असतं: मेणबत्त्या, उदबत्ती, धूप. आणि चिमणीची हवा बाहेर न जाता स्वयंपाकघरातच परत येत असेल, तर रोजच्या फोडणीचा तेलकट धूर रिटर्नमधून फिल्टरवर बसतो. अशा घरात एक इंची फिल्टर तीन महिने टिकत नाही, महिन्याला काढून बघा. बसवताना बाण फर्नेसच्या दिशेने हवा. १३ मर्व्हचा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचं माप) दाट फिल्टर हौसेने घालण्याआधी ब्लोअरला तो झेपेल का, ते विचारा.

एवीतेवी माणूस घरी आलाच आहे, तर कपड्यांच्या ड्रायरचा व्हेंट साफ करायचे किती घेणार, तेही विचारून घ्या. तिथे साठलेल्या लिंटमुळे (कपड्यांच्या तंतूंमुळे) खरोखर आगी लागतात.